दुसरा विसावा

आमच्या घरात 'विसावा' या शब्दाला बंदी होती. कुणी तशी पाटी लावली नव्हती, पण आईपुढे तो शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. दमलं तर "थांबू या" म्हणायचं, "जरा टेकू या" म्हणायचं, बास. माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, शाळेत एका कवितेत तो शब्द आला, तर पोरगं घरी मोठ्यानं पाठ करताना तेवढ्या जागी नुसतं "हूं हूं" करून पुढे जायचं. परीक्षेतही तसंच म्हणाला आणि मास्तरांचा मार खाऊन आला. ही बंदी कशामुळे आली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी कुणाला सांगितलं नाही. आई-आप्पा गेले, वसंताही गेला, आता सांगितलं तर रागवायला कोण उरलंय? शिवाय आता दमा मलाही आहे. सून माझी गुणाची आहे, पण जिना चढायला लागले की खालून ओरडते, "आई, कशाला? मी आणते ना!" डॉक्टर म्हणतो, रोज चाला, पंप जवळ ठेवा, पोटाला तडस लागेल इतकं जेवू नका. मी मान हलवते आणि मनात म्हणते, बाळा, हे मला बाराव्या वर्षीच एकानं सांगितलं होतं, आणि तो बिचारा सही करायच्या जागी अंगठा उठवायचा.

भोरला तेव्हा संस्थानी अंमल होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या शाळेत मास्तर. माणूस शांत, पण छाती भारी बोलकी. आप्पा कुठल्या खोलीत आहेत हे आम्हाला त्यांच्या श्वासावरून कळायचं. बरे असले की नुसती बारीक शीळ, बिघडले की छातीत मांजर बसल्यासारखी गुरगुर. आईचे कान सदा त्या आवाजाकडे. भाकरी थापता थापता तिचा हात मधेच थांबायचा, मान तिरपी व्हायची, आणि गुरगुर नाही अशी खात्री पटली की पुढची थाप पडायची. आमच्या घरातल्या भाकऱ्या एका अंगाला जाड असत त्या यामुळे. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्या आया अशाच मधे थांबून थांबून भाकरी करतात.

आणि पथ्य! आईनं एका जुन्या वहीत आप्पांची पथ्यं लिहून ठेवली होती. सुरुवातीला वैद्यांनी सांगितलेली दोन-तीनच होती. पण येणारा जाणारा प्रत्येक जण पाटावर बसून चहा पिता पिता एखादं पथ्य वाढवून जायचा. दही नको. केळं नको. पेरू तर नकोच नको. मग दूध नको, कफ होतो. तूप नको, घशाला बसतं. शेंगदाणे नकोत, वांगं नको, कांदा नको. कुणाच्या तरी मावसभावाला हरभऱ्यानं धाप लागली होती, म्हणून हरभरा गेला. शेवटी आप्पांच्या ताटात मऊ भात आणि मुगाचं पाण्यासारखं वरण एवढंच उरलं. ते दिवसेंदिवस वाळत चालले. ते वाळत चालले म्हणून आई आणखी घाबरायची, आणि घाबरली की वहीत आणखी एक ओळ लिहायची. हालचालीचं तेच. शाळेतून आले की खुर्चीत. "उठू नका, मी देते. वाकू नका, कुमे, त्यांचा जोडा उचल." पस्तिशीचा माणूस, त्याला आम्ही मायलेकींनी मिळून म्हातारा करून ठेवला. पण आईला तरी काय बोलू? नवऱ्याचा श्वास पहाटे अडकलेला जिनं पाहिलाय, तिला शहाणपण शिकवायचं तोंड माझ्याकडे नाही.

अशात बदलीचा हुकूम आला. वेल्ह्याच्या अलीकडे, तोरण्याच्या पायथ्याला एक गाव होतं. शाळा मात्र गावात नाही, वर डोंगरातल्या वाडीत देवळात भरायची. वर विहीर नसल्यामुळे मास्तरांनी राहायचं खाली आणि रोज चढून जायचं. आईनं ऐकलं आणि जायचंच नाही म्हणून बसली. आप्पा म्हणाले, "गेलो नाही तर नोकरी सोडावी लागेल."

"सोडा. जीव तर राहील."

"आणि मग काय करू? या खुर्चीत बसून राहू? मला त्याची जास्त भीती वाटते गं."

त्यांना भीती वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आईचे दिवस भरत आले होते, तिला जाणं शक्य नव्हतं. तिच्या सोबतीला मावशी आली आणि आप्पांबरोबर जायचं माझ्यावर आलं. गावच्या पाटलांकडे निरोप धाडून आईनं एक गोष्ट पक्की करून घेतली: मास्तरांनी डोंगर चालून चढायचा नाही, त्यांना डोलीतून न्यायचं. निघताना तिनं ती वही माझ्या हातात दिली, माझी बोटं वहीवर घट्ट दाबली आणि म्हणाली, "कुमे, मी तुझ्यावर माणूस सोपवतेय. ताटात यातलं काही जाता कामा नये, आणि जमिनीवर पाय नाही. दर आठवड्याला कार्ड टाक." बाराव्या वर्षी मला ते वाक्य इतकं जड झालं की भोर सुटून गाडी बरीच पुढे गेली तरी मी वही छातीशी धरूनच बसले होते. आप्पा हसून म्हणाले, "ठेव आता खाली, मी पळून जात नाही." मी ठेवली नाही.

तिथे गेल्यावर पहिले पंधरा दिवस सगळं आईच्या मनासारखं झालं. रोज सकाळी चार गडी यायचे. बांबूला घोंगडीची झोळी, त्यात आप्पा बसायचे, दोघे उचलायचे, दोघे बदलीला. खालच्या गावातली पोरं मागून "मास्तर पाळण्यात, मास्तर पाळण्यात" ओरडायची. आप्पा शरमेनं डोळे मिटून घ्यायचे. मी शेजारून वही घेऊन चालायची आणि कान लावून ऐकायची. चढ लागला की शीळ सुरू व्हायची, वर वर जाल तशी गुरगुर. मी रडवेली व्हायची. बसून जाताहेत तरी छाती वाजते, मग चालले असते तर काय झालं असतं!

एका सकाळी गुरगुर इतकी वाढली की मी ओरडले, "थांबा! आप्पांचा श्वास लागलाय!" गड्यांनी झोळी खाली टेकवली. आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मला? मला काही होत नाहीये कुमे. मलाही वाटत होतं, आज आपली छाती फारच वाजतेय, पण धाप कशी नाही?" आम्ही दोघांनी एकदम मागे पाहिलं. मागचा खांदा देणारा गेनूतात्या बांबूवर हात टेकून ओणवा उभा होता, आणि ती सगळी गुरगुर त्याच्या छातीतून येत होती. रोज आम्ही ऐकत होतो तो श्वास अर्धाअधिक त्याचा होता. दमेकरी माणूस दमेकऱ्याला खांद्यावरून नेत होता.

आप्पा झोळीतून उतरले. त्यांचे कान लाल झाले होते. "तात्या, तुम्हाला दमा आहे?"

"हाय की. लई वरसं झाली."

"मग मला उचलायला कशाला आलात?"

"घरटी येक मानूस यायचं ठरलंय न्हवं. आन् येरवी बी म्या वझं घिऊन चढतोच. येकट्यानं चढलो तर वाजत न्हाई येवढं. डोलीत दुसऱ्याच्या पायानं चालाया लागतंय, त्येनं दम मोडतो." मग त्यानं आप्पांच्या पायांकडे पाहिलं. "मास्तर, रागावू नगा, पर तुमचं पाय कशापायी ठेवल्याती?"

त्या दिवसापासून आप्पा डोलीत बसले नाहीत. त्या वाटेवर डोक्यावर ओझं घेऊन चढणाऱ्यांसाठी कमरेएवढे दगडी ओटे रचलेले होते. वाकायला न लागता भारा त्यावर टेकवायचा आणि सावरून पुढे निघायचं. त्यांना तिकडे विसावा म्हणतात, त्यांच्या बोलीत इसावा. पायथ्यापासून वाडीपर्यंत असे चार होते. गेनूतात्यानं आप्पांना चढायची रीत शिकवली. ती रीत म्हणजे एकच गोष्ट होती: "दम लागायच्या आदी दम खायचा. लागल्यावर न्हाई." म्हणजे बरं वाटत असलं तरी विसाव्याला थांबायचंच. चालताना बोलता येईल इतकंच चालायचं. बोलणं तुटलं की पाय थांबवायचे. पहिल्या दिवशी आप्पांना वर पोचायला इतका उशीर झाला की पोरं देवळात विटीदांडू खेळत बसली होती. पण पोचले. महिन्याभरात चारही विसाव्यांवर बसूनसुद्धा वेळेवर पोचू लागले.

खाण्याचंही तसंच झालं. वहीतला मऊ भात खाऊन माणूस डोंगर चढत नाही हे मला चार दिवसांत कळलं. तिसऱ्या विसाव्याला आप्पांचे पाय लटपटायचे ते श्वासानं नव्हे, भुकेनं. शेजारच्या रखमाकाकू नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, म्हणजे गरम पातळ कढण, घेऊन यायच्या. मी वही काढून दाखवली तर म्हणाल्या, "त्यात नाचनी लिवलीया का? न्हाई? मग घाल की." खरंच, नाचणी लिहायची राहिली होती! तिथून माझा धीर वाढला. गेनूतात्याचं पथ्य वेगळंच होतं: दिवस मावळायच्या आत जेवायचं, दोन घास कमी जेवायचं आणि चुलीपासून लांब बसायचं. मी मनाशी हिशेब ठेवू लागले, आज काय खाल्लं आणि उद्या छाती कशी आहे. पेरू खाल्ला, काही नाही. कांदा, काही नाही. आंबट ताकानं मात्र खोकला यायचाच, ते आईचं खरं होतं. आणि सगळ्यात वाईट दिवस कुठले, तर ज्या दिवशी सरपण ओलं असायचं ते. म्हणजे मी माझ्या हातानं चूल फुंकून, पथ्याचा मऊ भात शिजवता शिजवता, आप्पांना धूर चारत होते. ते कळलं त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी चूल मागच्या पडवीत मांडली.

ते बरे झाले असं मी म्हणत नाही. दमा काही जात नाही, तो घरातच असतो. भाताची झोडणी सुरू झाली, गावभर भुसा उडाला, तेव्हा आप्पा तीन दिवस उशीला टेकून बसून होते आणि त्या तीन दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवतही नाही. पण उठले आणि परत पहिल्या विसाव्यापर्यंत जाऊन आले. मग दुसऱ्या.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दर आठवड्याला मी कार्डावर लिहायची, "आप्पा डोलीतून जातात. पथ्य व्यवस्थित आहे." आप्पा म्हणायचे, "खरं लिही, मी सही करतो." पण खरं लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात काही झालं तर? आईला मुलगा झाल्याचं कळलं, म्हणजे वसंता, तेव्हा तर ओल्या बाळंतिणीला घोर नको असं एक चांगलं निमित्त सापडलं. प्रत्येक कार्डागणिक माझी झोप कमी होत गेली. आता तात्या बरोबर असायचा, म्हणून आप्पा चढताना मी खाली उंबऱ्यात बसून राहायची आणि डोंगरावरून कुणी धावत येतंय का ते बघायची. ते वर नीट पोचले तर माझं खोटं पचेल, आणि नाही पोचले तर मीच त्यांना मारलं असं होईल. बाराव्या वर्षी एवढंच गणित मला येत होतं.

आणि एका सकाळी आई आली. न कळवता. वसंताला तीन महिने झाले होते. मामाची बैलगाडी नदीपाशी थांबली, मामा बैल सोडत राहिला, आणि आई पोराला कडेवर घेऊन तशीच घराकडे आली. मी पाणी भरून परत येत होते. लांबूनच तिला आमच्या दारात उभी पाहिली आणि गोठ्याच्या भिंतीआड थांबले. आप्पा नुकतेच निघाले होते, पायांनी, हातात छत्री आणि फडक्यात पेरू घेऊन. रखमाकाकू जोत्यावर सुपात नाचणी पाखडत होत्या.

"मास्तर कुठायत?" आईनं विचारलं.

"तुमी मास्तरीणबाई व्हय? या, बसा." काकूंनी सूप खाली ठेवलं. "मास्तर पोचलं असत्याल की इसाव्याला. आत्ताच गेली समदी. गेनूतात्या हाय संगं, पोरं बी गेल्याती."

आता हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. आमच्या भोरात विसावा एकच. नीरेकडे जाणाऱ्या वाटेवर तिरडी क्षणभर खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, तो दगड. त्या दगडावर जिवंत माणूस बसत नाही.

आईच्या तोंडावरचा रंग मी भिंतीआडून उतरताना पाहिला. "विसाव्याला?"

"व्हय. लई गुनाचा मानूस. आदी किती तरास व्हायचा, बगवत नव्हतं. आता सुटलं बगा समद्यातनं," काकू कौतुकानं म्हणाल्या.

हे लिहायला मला अजून जड जातं. मी तिथंच होते. मला सगळं समजलं होतं. भोरची असल्यामुळे आईनं काय ऐकलं ते मला कळलं, आणि इथं राहिल्यामुळे काकू काय म्हणाल्या तेही कळलं. "आई, आप्पा बरे आहेत" एवढे चार शब्द बोलायचे होते. पण ते बोलले की पुढचा प्रश्न आला असता, मग डोली कुठंय? आणि माझी सगळी कार्डं उघडी पडली असती. मी गप्प राहिले. मोजून चार-पाच श्वास. तेवढ्या वेळात माझी आई माझ्या डोळ्यांदेखत विधवा झाली आणि मी घागर सांभाळत उभी राहिले.

आईनं वसंताला काकूंच्या मांडीत टाकलं आणि ती धावली. तेव्हा कुठं माझी घागर सुटली. "आई! अगं थांब! आई!" पण तिला ऐकूच येत नव्हतं. आयुष्यात कधी डोंगर न चढलेली बाई, अंगात बाळंतपणाचा अशक्तपणा, पायातली वहाण गेली, पदर गेला, आणि ती त्या वाटेनं धावत होती. पहिला विसावा आला. तो रिकामा होता. तिनं त्या दगडाकडे पाहिलं आणि असा काही आवाज काढला की मी कानांवर हात ठेवले. पुढे नेलं असं तिला वाटलं. ती तशीच पुढे पळाली. मी मागे, रडत.

दुसऱ्या विसाव्यावर आप्पा बसले होते. शेजारी गेनूतात्या, खाली शाळेची पाच-सहा पोरं. आप्पा पेरू खात होते.

आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिला श्वास घेता येत नव्हता. तिनं हात पुढे करून आप्पांच्या छातीवर ठेवला, मग गालावर, मग परत छातीवर. आप्पा घाबरून उठलेच. "अगं, तू? काय झालं? बाळ बरं आहे ना?" आणि एवढा सगळा डोंगर धावून आलेली माझी आई पहिलं काय बोलली असेल? म्हणाली, "पेरू खाताय?"

मग तिला मी दिसले. एक सणसणीत गालावर बसली, दुसरीला हात उचलला, पण तो वरच राहिला, कारण तिची धाप तिला सोडेना. गेनूतात्या उठून म्हणाला, "बाई, आदी बसा. दम खा वाईच. मग मारा पोरीला, ती कुठं जातीया."

ओट्यावर काही ती बसली नाही. "तिथं बसू? मेले तरी नाही!" म्हणून खाली धुळीतच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. आप्पांनी तिला सगळं सांगितलं, डोलीचं, तात्याच्या छातीचं, चुलीचं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, तिचा कान आपला नेहमीसारखा तिरपा, त्यांच्या श्वासाकडे होता. शेवटी आप्पा म्हणाले, "पोरं खोळंबलीत. मी वर जाऊन येतो. तू बघ इथून." तिनं त्यांचा सदरा धरला. बराच वेळ सोडला नाही. मग सोडला.

आम्ही दोघी खालून बघत राहिलो. माझा हात तिनं इतका आवळला होता की बोटं बधिर झाली. आप्पा सावकाश चढत होते, पोरांशी बोलत. बोलणं ऐकू येत होतं तोवर आई गप्प होती, मग ते ऐकू येईना तसे तिचे ओठ हलू लागले, पावलं मोजत असावी. तिसऱ्या विसाव्याला आप्पा थांबले, बसले आणि तिथून छत्री हलवली. आई म्हणाली, "कुमे, तुला ठाऊक होतं का गं काकू कुठल्या विसाव्याचं बोलत होत्या ते?"

मी म्हटलं, "नाही. मी तेव्हा पाण्याला गेले होते."

हे माझं शेवटचं खोटं, आणि सगळ्यांत मोठं. तिनं वही परत मागितली नाही. आम्ही सगळे तिथंच राहिलो, ती पडवीतल्या चुलीवर भाकऱ्या थापायला लागली, तरी तो शब्द मात्र तिनं पुन्हा कुणाला उच्चारू दिला नाही.

आप्पा त्यानंतर वसंताचं लग्न बघून, नातवाला खांद्यावर घेऊन, पिकून गेले. गेले तेही दम्यानं नव्हे, साध्या तापानं. भोरातच. आमच्यात बायका विसाव्यापर्यंत जातात. दिवस कलायला आला होता, आभाळ भरलं होतं, खांदेकऱ्यांची घाई चाललेली. आईसमोर तो दगड नको म्हणून वसंतानंच त्यांना खूण केली, न थांबता पुढे चला. चार पावलं ते गेलेही.

"थांबा," मागून आई म्हणाली. "विसावा आलाय, दिसत नाही? ठेवा त्यांना खाली. त्यांना दम लागायच्या आधी थांबायची सवय आहे."